वडिलोपार्जित तोटा : 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' कुणी वाचलीये का?

कातरवेळ (धागाकर्ती)

किरण देसाईंची ही कादंबरी २००६ साली आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिला बुकर मिळालं. तेव्हा मी ती घेतली, चाळीसेक पानं वाचली आणि ठेवून दिली. गेल्या महिन्यात घर बदलताना खोक्यातून वर आली. तीन रात्रींत वाचून काढली. पुस्तक मिटलं तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. गोष्ट सांगूनच लिहिणार आहे, ज्यांना आधी कळायला नको त्यांनी इथेच थांबावं.

साल १९८६, दार्जिलिंगजवळचं डोंगरातलं कालिम्पाँग. समोर कांचनजंगा, आणि 'चो ओयू' नावाचं ओल धरलेलं जुनं घर. घरात निवृत्त न्यायाधीश जेमूभाई पटेल, आई-वडील गेलेली त्यांची नात साई, मट नावाची कुत्री आणि एक म्हातारा स्वयंपाकी. स्वयंपाक्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कमध्ये, कागदपत्रांशिवाय, या हॉटेलच्या भटारखान्यातून त्या हॉटेलच्या भटारखान्यात. बाहेर गोरखालँडचं, म्हणजे नेपाळीभाषकांच्या वेगळ्या राज्यासाठीचं, आंदोलन पेटतंय. साईला गणित शिकवायला येणारा ज्ञान नावाचा नेपाळी मुलगा तिच्या प्रेमातही आहे आणि त्या आंदोलनातही ओढला जातोय.

मी अडकले ती मागच्या काळातल्या एका छोट्या प्रसंगात. १९३९ साली जेमू मुंबईहून बोटीने विलायतेला निघतो. पीफिट या गुजरातेतल्या गावातला, वडील बेताचे. आईने बरोबर शिदोरी दिलीय : पुऱ्या, लोणचं, कांदा, हिरव्या मिरच्या, कागदाच्या पुडीत मीठ आणि उकाड्याने काळं पडलेलं केळं. केबिनमधल्या सोबत्याचं नाक आक्रसतं. जेमूला आईचा राग येतो. तो वर जातो आणि सगळं समुद्रात टाकून देतो. दीड-दोन पानांचा प्रसंग आहे.

१९९७ साली मी मिशिगनला शिकायला गेले तेव्हा आईने जवळ्याची चटणी दिली होती. हॉर्लिक्सच्या बाटलीत, वर प्लास्टिक, त्यावर रबर, त्यावर परत जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. दुसऱ्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं. ती काही बोलली नाही, नुसती खिडकी उघडली. त्या रात्री मी बाटली घेऊन खाली गेले आणि कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. फोनवर आईला सांगितलं, सगळ्यांना फार आवडली, संपली. पुढच्या वर्षी तिने ओळखीच्यांबरोबर दुप्पट पाठवली.

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. परदेशी गेलेल्यांवरचं आपलं लिखाण बहुतेक ओढीचं असतं : गावची माती, पहिला पाऊस, आईच्या हातची पोळी. या कादंबरीत ओढ आहे, पण तिच्या तळाशी लाज आहे. आणि ती लाज जेमूच्या पोटातच राहत नाही. तो साहेब होऊन परत येतो, पुऱ्या आणि पराठेसुद्धा काट्या-सुरीने खातो, आणि आपली सगळी लाज बायकोवर काढतो, स्वयंपाक्यावर काढतो. मला वाटतं वारसा म्हणतात तो हाच.

तुम्हाला काय वाटलं?

दर्यावर्दी

ताई, धागा उघडल्याबद्दल आभार. मी जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, कादंबऱ्या फार नाही वाचत. ही मुलीने हातात दिली म्हणून वाचली.

तुम्ही शिदोरीबद्दल लिहिलंत, माझ्या मनात नारळ बसलाय. बोट सुटताना जेमूचे वडील धक्क्यावरून ओरडतात, 'नारळ टाक!' शुभ म्हणून त्याच्या हातात नारळ दिलेला असतो. जेमू वडिलांकडे बघतो. अर्धवट शिकलेला माणूस, नको त्या ठिकाणी पाऊल टाकू बघणारा, असा तो त्याला त्या क्षणी दिसतो. तो नारळ टाकत नाही.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दर्याला नारळ देतात, आता शांत हो म्हणून. नारळ द्यायचा राहिला तर घरचे आठवडाभर चुकचुकतात.

आणि ती बोट 'स्ट्रॅथनेव्हर' खरी होती बरं का. पी अँड ओ कंपनीची, १९३१ सालची, पांढऱ्या अंगाची. ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या करायची. तिला तीन धुराडी होती, त्यातलं मधलं तेवढं खरं. बाकी दोन नुसती दिसायला लावलेली.

परातवाला

धुराड्यांचं माहीत नव्हतं. काका, जबरदस्त.

माझ्यासाठी ही बिजूची कादंबरी आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसाचं चित्र म्हणजे संगणकवाला, दोन गाड्या, गणपतीला मंडळात झब्बा. मी सुरुवातीची दोन वर्षं न्यू जर्सीत एका हॉटेलच्या तळघरात भांडी घासली, कांदे कापले. विद्यार्थी व्हिसावर तसं काम करायची परवानगी नव्हती, म्हणून पैसे रोख आणि कमी. मालक आपल्याच देशातला. नाव घेत नाही. त्याचं एक वाक्य रोजचं, 'मी तुला मुलासारखा ठेवलाय.' मुलासारखा म्हणजे पगार मागायचा नाही.

कादंबरीत 'गांधी कॅफे' आहे. मालक हरीश-हॅरी. नावातच दोन माणसं. गिऱ्हाइकांशी एक, कामगारांशी दुसरा. पोरं रात्री हॉटेलातच झोपतात, मालकाच्या लेखी ती त्यांची राहायची सोय. बिजू घसरून पडतो, गुडघा जातो, तर डॉक्टरचे पैसे द्यायला हा तयार नाही. वर सल्ला देतो, गावी जाऊन उपचार घे. तो प्रसंग मी उभा राहून वाचला. बसवेना.

आणि फोन! बिजू न्यूयॉर्कहून फोन लावतो. म्हाताऱ्याला बोलवायला कुणीतरी धावतं. गेस्ट हाऊसच्या वॉचमनचं सगळं घर भोवती गोळा. बाप ओरडतो, मुलगा ओरडतो, दोघं एकमेकांना तेच तेच विचारतात : जेवण मिळतं ना, तब्येत बरी ना? आणि लाइन तुटते. कॉलिंग कार्डच्या दिवसांत आमचं असंच व्हायचं. आठवडाभर ठरवून ठेवलेलं बोलायचं राहून जायचं आणि पाऊस पडला का यावर मिनिटं संपायची.

अवनी_वाचते

सगळं छान चाललंय, पण दोन प्रतिसाद होऊनही निमीचं नाव कुणी घेतलं नाही. 'बायकोवर काढतो' एवढ्यावर ती संपली.

जेमूच्या विलायतेचा खर्च कुठून आला? निमीच्या हुंड्यातून. ती चौदाची, तो विसाचा. तिचं मूळ नाव बेला, लग्नात निमी झाली. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात, तसं. म्हणजे सगळ्यात पहिलं स्थलांतर तिचं आहे, आणि तिला धक्क्यावर निरोप द्यायला कुणीही नव्हतं.

जायच्या आधी जेमू तिला एकदा सायकलवर बसवून फिरवून आणतो. दोघंही पोरंच. उतारावरून सायकल भन्नाट सुटते. सगळ्या कादंबरीत त्या दोघांचा आनंदाचा क्षण तेवढाच. पाच वर्षं इंग्लंडात काढून तो परततो. तिथे बसमध्ये लोक त्याच्या शेजारी बसत नसत, स्वतःच्या वासाच्या भीतीने तो अंग खरवडून खरवडून धुवायचा. परत येतो तो तोंडाला पावडर लावूनच. निमीला तो पफ सापडतो, ती कुतूहलाने ब्लाउजमध्ये लपवते. तो शोधतो, घरातली माणसं हसतात, आणि पफ तिच्याकडे सापडल्यावर तो तिच्यावर बलात्कार करतो. मी 'जबरदस्ती' वगैरे म्हणणार नाही.

पुढे तिला माहेरी परत पाठवतो. माहेरचेही ठेवत नाहीत. शेवटी बहिणीच्या घरी 'स्टोव्हचा भडका'. हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत ज्यांनी वाचलाय त्यांना पुढचं सांगायला नको. न्यायाधीश महाशय अपघात होता असं मानून घेतात, कारण तेच सोयीचं.

कातरवेळताई, तुमची चटणी वाचून मला रडू आलं, खरंच. पण जेमूची लाज समजून घेताना आपण त्याला जरा जास्तच जवळ घेतोय असं वाटतं.

कातरवेळ

अवनी, बरोबर बोललीस. मी निमीला एका ओळीत उरकलं, ते चुकलं.

एवढंच सांगते की देसाईंनी जेमूला सूट दिलेली नाही. त्याच्यावर काय गुदरलं ते दाखवलं आणि त्याने काय केलं तेही, आणि पहिल्याने दुसरं माफ होत नाही. मला पानं उलटताना तेच जड गेलं. इंग्लंडातल्या त्या घरमालकिणीच्या खोलीत बसलेल्या पोराबद्दल वाईट वाटतं, आणि शंभरेक पानांनी त्याच पोराचा तिटकारा येतो, आणि आधीचं वाईट वाटणंही जात नाही.

डोंगरमाथा

थोडा वेगळा सूर लावतो. मी बँकेच्या नोकरीत त्या भागात होतो, १९८७ च्या मध्यापासून दोनेक वर्षं. १९८८ च्या सुरुवातीचा चाळीस दिवसांचा बंद आम्ही बटाटे आणि स्क्वाशवर काढला. (स्क्वाश म्हणजे तिकडची वेलावरची हिरवी फळभाजी, आपल्या दुधीच्या जवळची.)

कादंबरीतला निसर्ग, धुकं, पुस्तकांना येणारी बुरशी अगदी खरी आहे. भूस्खलनाने तुटलेला रस्ता खरा आहे. पण आंदोलन? आंदोलन आपण 'चो ओयू'च्या व्हरांड्यातून बघतो. न्यायाधीशांच्या बंदुका न्यायला आलेली पोरं, भिंतीवरच्या घोषणा, जमाव. नेपाळी माणसांत आतून उलगडून दाखवलेला एकटा ज्ञान, आणि तोही डळमळीत, अखेर घरातल्या बंदुकांची बातमी फोडणारा. बुकर मिळाल्यावर कालिम्पाँगच्या नेपाळीभाषक वाचकांनी नाराजी व्यक्त केली होती. मला ती पटते.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ती फारशी माहीत नाही. ही माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत. चहाचे मळे त्यांच्या हातांवर उभे राहिले, पलटणी त्यांच्या रक्तावर. तरी १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे (त्याने नेपाळचे नागरिकही भारतात येऊन राहू शकतात) त्यांना सहज 'तुम्ही परदेशी' म्हणता यायचं. १९८६ मध्ये मेघालयातून हजारो नेपाळी लोकांना हाकललं गेलं, आणि भीती घराघरात शिरली. सुभाष घिशिंगांचा जीएनएलएफ (गोरखा नॅशनल लिबरेशन फ्रंट) पक्ष १९८० पासून होताच. २७ जुलै १९८६ ला कालिम्पाँगात त्या कराराच्या प्रती जाळायला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. ऑगस्ट १९८८ मध्ये समझोता होऊन डोंगरी परिषद मिळाली, स्वतंत्र राज्य नाही. तोवर बाराशेच्या वर माणसं गेली असं सांगतात.

म्हणजे मागणी काय होती? आम्ही भारतीय आहोत हे लिहून द्या. माझ्या शाखेतला शिपाई, वडील फौजेतून निवृत्त, मला म्हणाला होता, 'साहेब, तुम्हाला कधी कुणी विचारलं का, तू कुठल्या देशाचा?' कादंबरीत हा प्रश्न येतो, नाही असं नाही. पण बिजूला न्यूयॉर्कमध्ये जेवढी पानं मिळाली तेवढी त्या पोरांना घरच्या डोंगरात मिळाली नाहीत.

आणि एक. आपण मराठीत रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या माणसाला काय म्हणतो? गुरखा. कुणीही असो, बिहारचा असो, गढवालचा असो, गुरखा. आमच्या सोसायटीच्या जुन्या वहीत दर महिन्याची नोंद आहे : 'गुरखा – १५० रु.' नाव एकाही पानावर नाही.

कातरवेळ

डोंगरमाथा, तुमच्या प्रतिसादासाठी तरी हा धागा काढला हे बरं झालं.

व्हरांड्याचं मान्य. पण मला वाटतं लेखिकेला तो व्हरांडा आपला आहे हे माहीत आहे. लोला आणि नोनी या दोन बहिणी आठवा : इंग्लंडहून येणारी अंतर्वस्त्रं, तिकडचे जॅम, बीबीसीवर निवेदन करणारी मुलगी. आपण इथले चांगले लोक, आपल्याला कोण काय करणार, असा त्यांचा पक्का समज. आणि एक दिवस त्यांच्या आवारात झोपड्या उभ्या राहतात. लोला तक्रार घेऊन पुढाऱ्याकडे जाते आणि तो तिचा घाणेरडा अपमान करून परत पाठवतो. तिथे व्हरांड्यावर बसलेल्यांनाच उघडं पाडलंय. तरी तुम्ही म्हणता ते उरतंच : झोपडी टाकणाऱ्या बाईच्या आत आपण जात नाही.

स्वयंपाक्याच्या नावाचंही तसंच बघा. कादंबरीभर तो 'स्वयंपाकी'. पन्नालाल हे नाव कळतं तोवर पुस्तक संपत आलेलं असतं. पहिल्यांदा वाचताना मी ते नाव ओलांडून पुढे गेले होते, मग मागे आले.

मांडवीकाठ

गोव्यातून नमस्कार. डोंगरमाथा यांनी भाषेचा उल्लेख केला नाही म्हणून भर घालतो. नेपाळी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आली ती १९९२ च्या घटनादुरुस्तीने, आणि त्याच दुरुस्तीत आमची कोंकणी आणि मणिपुरी होती. तिन्ही भाषा एकाच दारातून एकाच दिवशी आत आल्या. आमच्याकडे त्या वर्षाबद्दल बोलताना नेपाळीची आठवण कुणी काढत नाही. मीही काढत नव्हतो.

स्थलांतराबद्दल सांगायचं तर आमच्या वाड्यावर बंद घरं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालात जन्मनोंद करून तिकडचं नागरिकत्व घेता येतं. घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो, दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. मग पोर्तुगालचे नागरिक होऊन माणसं गेली कुठे? इंग्लंडात. स्विंडनला, साउथॉलला. गोदामांत, कारखान्यांत. ज्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांचा कागद घेऊन, ज्यांनी बाकीच्या देशावर राज्य केलं त्यांच्याकडे कामाला. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या पैशातून घराचं छप्पर झालं.

म्हणून मला कादंबरीतला फादर बूटी सगळ्यात जवळचा. मूळचा स्विस, कालिम्पाँगला दुधाचा धंदा करणारा, चीज बनवणारा, पंचेचाळीस वर्षं तिथे राहिलेला. एक दिवस कागद तपासले जातात आणि कळतं की याचा परवाना कधीच संपलाय. झालं, जा. न्यूयॉर्कमध्ये बिजू बिनकागदाचा, आणि इथे हा गोरा म्हातारा बिनकागदाचा. दोघांनाही आपण जिथे राहतो तिथले आहोत असं कधीतरी वाटून गेलेलं असतं.

शब्दवेडा

शीर्षकावर बोलू का? कातरवेळ यांनी 'वडिलोपार्जित तोटा' केलंय. मला सुरुवातीला ते दुकानदारी वाटलं. मी 'हरवलेपणाचा वारसा' म्हटलं असतं. पण दोनदा म्हणून बघितलं आणि 'हरवलेपण' फार हळवं वाटलं, कवितेच्या पुस्तकासारखं. 'हानीचा वारसा' सरकारी. 'वारसा' शब्दालाच आता वारसास्थळ, वारसाफेरी असा मान चिकटलाय, त्यात लेण्या दिसतात. 'वडिलोपार्जित' म्हटलं की सातबारा दिसतो, भाऊबंदकी दिसते, सावकाराचं देणं दिसतं. बापाचं कर्ज पोराच्या बोकांडी. इंग्रजी 'लॉस'मध्ये धंद्यातली खोट आणि माणूस गमावणं दोन्ही आहे, ते मराठीत एका शब्दात बसवणं कठीण. 'तोटा'मध्ये निदान 'तुटणं' ऐकू येतं. तेव्हा ताई, तुमचंच राहू द्या.

परातवाला

शेवटाबद्दल कुणी बोललं नाही अजून. बिजू साठवलेले डॉलर आणि घरच्यांसाठी घेतलेला एवढाला माल घेऊन परत निघतो. कालिम्पाँगच्या वाटेवर बंदुकवाले त्याला लुटतात. पैसे, सामान, बूट, अंगावरचे कपडेसुद्धा. आणि एक बायकांचा गाऊन त्याच्याकडे फेकतात. तो तसा, गाऊन घालून, कुत्र्यांना चुकवत घरी पोचतो. म्हातारा फाटक उघडतो.

मी २००४ ला पहिल्यांदा परत आलो तेव्हा माझ्याकडे दोन मोठ्या बॅगा होत्या, चॉकलेटं, सेंट, मामाच्या मुलांना बूट. बाबा विमानतळावर बॅगा उचलायला पुढे झाले. त्यांना वाटत होतं मी मजेत आहे. भांड्यांचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, ते मागच्या वर्षी गेले. गाऊन घातलेल्या बिजूला बघून मला पहिलं काय वाटलं असेल तर हेवा. त्याला काही लपवता आलं नाही.

अवनी_वाचते

परातवाला दादा, हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

दर्यावर्दीकाका, एक विचारायचं राहून गेलंय. तुम्ही बोटीवर गेलात तेव्हा तुमच्या हातात नारळ दिला होता का? त्याचं काय केलंत?

दर्यावर्दी

दिला होता. आईने गुहागरहून आणलेला, शेंडी राखून सोललेला, हळदकुंकू लावलेला. बोट रात्री अडीचला सुटली. मी खाली इंजिनात होतो, वर यायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, किनारा कधीच मागे गेला होता. भर समुद्रात एकट्याने नारळ टाकायचा तर कसा टाकायचा, कुठल्या दिशेला, काय म्हणायचं, काही कळेना. तो तसाच खणात ठेवला. बोट हलली की फळीवर गडगडायचा. सुएझपर्यंत रोज रात्री ऐकला.

आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, सालसेतचा होता, पन्नाशीचा, ख्रिस्ती. त्याने एक दिवस विचारलं, खणात काय वाजतंय? मी दाखवला. त्याने कुंकू बघितलं. म्हणाला, आता दर्याला नको देऊ, उशीर झाला, दर्या रुसेल. मग भटारखान्यात नेऊन ओट्याच्या कडेवर एका घावात फोडला, पाणी मला प्यायला दिलं आणि अर्ध्या वाटीचं खोबरं खवून त्या रात्री माशाचं हुमण केलं. उरलेली वाटी त्याने फडक्यात गुंडाळून मलाच परत दिली.